आधी पाणी, मग फळी

बालमित्रांनो, नागपूरला समुद्र नाही, हे काही तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे संत्री आहेत, झिरो माइलचा खांब आहे, मे महिन्यातलं ते प्रसिद्ध ऊन आहे. आणि तलाव आहेत! अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, गोरेवाडा, सक्करदरा... मोजायला बसलात तर एका हाताची बोटं पुरायची नाहीत. जरा बाहेर पडलं की रामटेकजवळ खिंडसी लागतो. त्याच्या पलीकडे भंडारा-गोंदियाचा मुलूख, तो तर तलावांचाच मुलूख म्हणून ओळखला जातो. तरीसुद्धा माझ्या नववीतल्या भाचीनं 'मला पॅडलबोर्ड घ्यायचाय' असं जाहीर केलं, तेव्हा घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

पॅडलबोर्ड म्हणजे काय, ते आधी सांगते. एक लांबलचक, जाड, पाण्यावर तरंगणारी फळी. तिच्यावर उभं राहायचं, हातात उंच दांड्याचं एकच वल्हं घ्यायचं, आणि कधी डावीकडून, कधी उजवीकडून पाणी मागे सारत पुढे जायचं. पूर्ण नाव 'स्टँड-अप पॅडलबोर्ड'. हवाई बेटांवरच्या वायकिकी किनाऱ्यावर लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे लोक असं उभ्यानं वल्हवायचे. २००० सालानंतर हा खेळ जगभर पसरला आणि २०१२ मध्ये पेरू देशात लिमा इथं त्याची जागतिक स्पर्धाही झाली. आपल्या देशात कर्नाटकातल्या मुलकी गावची तन्वी जगदीश या खेळात नावाजली. २०२४ च्या मार्चमध्ये मंगळूरुजवळ ससिहित्लूच्या किनाऱ्यावर मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत भरली होती. म्हणजे खेळ काही अगदीच परका नाही, बरं का!

आमच्या भाचीला त्याचं वेड लागलं गोव्यात. दिवाळीच्या सुटीत आम्ही सगळे गेलो होतो. नेरुळच्या खाडीत संथ पाण्यावर तिनं तासभर फळी चालवली आणि किनाऱ्यावर आली ती हेच घेऊन, 'मावशी, मला शर्यतीत उतरायचंय!' दोन वर्षांची भाऊबीज, वाढदिवसाचे पैसे, सगळं तिनं साठवून ठेवलेलं होतं. उरलेले पैसे भाऊजी घालणार होते. आणि तिनं ठरवूनही टाकलं होतं, फळी घ्यायची तर चौदा फुटी शर्यतीचीच. का? तर मोठे खेळाडू तीच वापरतात!

आता तुम्ही म्हणाल, घेऊन टाकायची, त्यात काय एवढं? पण आमच्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, स्पष्ट नकार दिला. 'पाण्याशी खेळ नको.' आजीचं म्हणणं उगाच नव्हतं. २०१७ च्या जुलैमध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुण मुलांची नाव उलटली होती. त्यातली कितीतरी मुलं परत आली नाहीत. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. ती बातमी आजी विसरलेली नाही. नागपुरात कोण विसरलंय?

तेव्हा प्रश्न नुसता कुठली फळी घ्यायची, एवढाच नव्हता. घरातून 'हो' यायला हवं होतं. आणि ते 'हो' रडून-रुसून मिळणार नाही, नीट विचार केला तरच मिळेल, हे भाचीच्याही लक्षात आलं. ती वही-पेन्सिल घेऊन बसली. मग मीही तिच्या शेजारी बसले.

पहिला मुद्दा वेगाचा. लांब फळी जास्त वेगानं जाते, हे खरं आहे. का, ते पाहा. फळी पाणी कापत जाते तेव्हा तिच्या नाकाशी एक लाट उठते आणि शेपटीशी दुसरी. वेग वाढला की या लाटा लांब होत जातात. लाट फळीएवढी लांब झाली, की फळी जणू आपल्याच लाटेच्या खळग्यात बसते. त्यापुढे वेग वाढवायचा तर प्रचंड जोर लागतो. जहाजं बांधणाऱ्यांनी याचा एक ठोकताळा काढून ठेवलाय. फळीच्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा. उत्तर येतं नॉटमध्ये. त्याला १.८५ नं गुणलं की तासाला किलोमीटर!

भाचीनं गणित मांडलं. साडेदहा फुटी फळीची मर्यादा तासाला सुमारे ८ किलोमीटर. साडेबारा फुटीची पावणेनऊ. चौदा फुटीची सव्वानऊ. "बघ, चौदा फुटीच सगळ्यात वेगवान!" ती म्हणाली. "बरोबर," मी म्हटलं, "पण तुझा वेग किती आहे?"

तो मोजायचं ठरलं. भाऊजींच्या एका मित्राकडे हवा भरायच्या दोन फळ्या होत्या, एक साडेदहा फुटी आणि एक साडेबारा फुटी. बोटिंग चालतं अशा एका तलावावर, तिथल्या लोकांना विचारून, अंगात जॅकेट घालून आम्ही सकाळी सहा वाजता पोचलो. काठाकाठानं पाचशे मीटरचं अंतर ठरवलं. भाऊजी घड्याळ घेऊन उभे. साडेदहा फुटीवर तिला सहा मिनिटं लागली. म्हणजे तासाला पाच किलोमीटर. साडेबारा फुटीवर पाच मिनिटं वीस सेकंद. म्हणजे तासाला साधारण ५.६ किलोमीटर.

लक्षात आली का गंमत? चौदा फुटी फळीचा खरा फायदा सुरू होतो तो आठ-नऊच्या वेगाला. तिथे आमची ताईसाहेब अजून पोचायचीच आहे! मग जो वेग आपण गाठतच नाही, त्यासाठी पैसे का मोजायचे? भाची थोडा वेळ गप्प बसली. पण गणित तिचंच होतं, त्यामुळे भांडायचं कुणाशी?

दुसरी गोष्ट तिला तलावावरच कळली. आखूड, रुंद फळीवर चार वल्ही मारली की नाक भलतीकडे वळायचं आणि बाजू बदलावी लागायची. लांब फळीवर आठ-नऊ वल्ही एकाच बाजूनं मारता यायची. लांबचा पल्ला मारायचा तर सरळ जाणारी फळी हवी. नाहीतर निम्मी ताकद वाट सुधारण्यातच जाते.

आता रुंदी. शर्यतीच्या फळ्या तेवीस ते सत्तावीस इंच रुंद असतात. हौशी माणसाच्या फळ्या तीस ते बत्तीस इंच. अरुंद फळी पाणी झपकन कापते, पण तिच्यावर उभं राहणं म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून चालणं! गोव्यातच भाचीनं एका अरुंद फळीवर उभं राहून पाहिलं होतं. दहा मिनिटांत सात डुबक्या. तिथे हसू आलं. पण शर्यतीत किंवा काठापासून दूर असताना सातव्यांदा परत वर चढावं लागलं, तर दम संपतो. आणि एकदा मनात भीती बसली, की फळी माळ्यावर जाऊन बसते. दुसऱ्या टोकाला फार रुंद फळीही नको. वल्हं फळीच्या अगदी कडेनं, उभं बुडायला हवं. फळी रुंद असली की लहान मुलांना हात लांब न्यावा लागतो, वल्हं तिरपं पडतं आणि फळी गोल फिरते. हलक्या, बुटक्या मुलाला अठ्ठावीस-एकोणतीस इंच पुरतात. घरातल्या दणकट बाबांना तीस-बत्तीस लागतात.

मग जाडी आणि घनफळ. इथे आठवीच्या विज्ञानातले आर्किमिडीज आजोबा मदतीला येतात. फळीवर किती लिटर ते लिहिलेलं असतं. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलोचा भार तरंगतो. आमच्या भाचीचं वजन ४६ किलो, फळी १० किलो, वल्हं, जॅकेट, पाण्याची बाटली मिळून ४ किलो. एकूण ६०. तीनशे लिटरची फळी तिच्या भारानं फक्त पाचवा हिस्सा बुडणार. भाऊजी ८२ किलोंचे, ते उभे राहिले तर जवळजवळ तिसरा हिस्सा. दोघांनाही चालेल. नवख्यांसाठी एक साधा हिशेब सांगतात, आपल्या वजनाच्या किलोंपेक्षा लिटर निदान दुप्पट असावेत. पण लिटर वाढवतच गेलात, तर हलक्या मुलाखाली फळी पाण्यावर उंच राहते आणि वाऱ्याला सापडते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी जो वारा सुटतो, तो तिला थेट पलीकडच्या काठाला नेऊन ठेवील!

इतकं सगळं वहीत उतरल्यावर भाऊजी म्हणाले, "चला, आंभोऱ्याला जाऊन येऊ. आजींनाही घेऊ." आंभोरा म्हणजे कुही तालुक्यातलं वैनगंगेच्या काठचं तीर्थस्थान. तिथे वैनगंगेला कन्हान आणि आणखी काही नद्या येऊन मिळतात. खाली गोसीखुर्दचं धरण आहे, त्याचं पाणी इथवर पसरलेलं असतं. २०२४ मध्ये तिथे मोठा पूल सुरू झाला. त्याआधी इथून पलीकडे भंडारा जिल्ह्यात जायला लोक नाव वापरत.

काठावर एक वयस्क ढिवर काका जाळं नीट करत बसले होते. ढिवर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारे आपल्याकडचे मासेमार. त्यांचा डोंगा तुम्ही पाहिलाय का? लांब, अरुंद, आणि उथळ पाण्यात तर त्यावर उभं राहून बांबूनं रेटत नेतात. म्हणजे उभ्यानं होडी चालवणं हवाईहून इथे यायचं होतं असं काही नाही. आपल्या मातीत ते होतंच!

भाचीनं काकांना सगळं सांगितलं. फळी, चौदा फूट, शर्यत. काका ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, शिंगाडे काढायच्या बोडीत लहान डोंगा लागते. नदी उतरायची तं मोठी नाव लागते. बोडीत मोठी नाव नेली तं वळतच नाही, अन् नदीत लहान डोंगा नेला तं जीवच जाते. आंधी पानी पाहा, मंग डोंगा पाहा."

"आणि काका, भीती नाही वाटत?" आजीनं विचारलं.

"वाटते ना, माय. भेव वाटते म्हनून तं वारा पाहतो, ढग पाहतो. ज्याले भेवच नाही वाटत, त्याले मी डोंग्यात बसवत नाही."

आजी काही बोलली नाही. पण परत येताना गाडीत तिनं भाचीला विचारलं, "ते जॅकेट का काय म्हणतेस, ते केवढ्याला येतं?" दुसऱ्या दिवशी आजीनं आपल्या पैशांतून जॅकेट आणवलं. फळी घरात यायच्या आधी! ते भाचीच्या वजनाच्या मापाचं होतं, अंगावर घट्ट बसणारं, खांद्याशी धरून ओढलं तरी कानापर्यंत वर न सरकणारं. त्याला तिनं स्वतः एक शिटी बांधली.

आता आपलं पाणी पाहायचं राहिलं होतं. आपल्याकडचं पाणी संथ, लाटा बेताच्या, म्हणून लाटांवरच्या आखूड फळीचा उपयोग नाही. नाक टोकदार, नावेसारखं पाणी दुभंगणारं हवं. तलावांत जलपर्णी असते, वेली असतात, धरणांच्या पाण्याखाली झाडांचे खुंट असतात. म्हणून फळीच्या खालचं ते माशाच्या परासारखं फिन खोल आणि ताठ नको. मागे झुकलेलं, लवचीक हवं, म्हणजे वेल अडकत नाही आणि खुंट लागला तर मोडत नाही. शिवाय ते काढता-घालता यायला हवं.

आणि पाण्यापर्यंत पोचायचं कसं? आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. चौदा फुटी कडक फळी लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात वळत नाही. गाडीच्या टपावर बांधली तर रामटेकपर्यंत धाकधूक! हवेची फळी मात्र गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत बसते, एसटीनंसुद्धा नेता येते. तिच्या आत वरच्या आणि खालच्या थराला हजारो दोऱ्यांनी शिवलेलं असतं, म्हणून हवा भरली की ती फुग्यासारखी गोल होत नाही, फळीसारखी सपाट आणि टणक होते. कडक फळी तिच्यापेक्षा वेगवान, यात शंका नाही. पण ती घरी बसून राहिली तर तिचा वेग शून्य!

हवेच्या फळीची एक खबरदारी मात्र नागपूरकरांनी घ्यायलाच हवी. समजा, सकाळी २५ अंशांना आपण तिच्यात १५ पीएसआय दाब भरला. दुपारी ती उन्हात पडून राहिली आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली. तर दाब जातो साडेअठराच्या आसपास. असं वारंवार झालं की शिवण आणि चिकटवलेले जोड कमजोर होतात. म्हणून पाण्यातून काढली की सावलीत ठेवायची आणि थोडी हवा सोडून द्यायची.

वल्ह्याचं एक गणितही सांगून टाकते. मिनिटाला चाळीस वल्ही मारली, तर तासाला होतात २,४००. वल्हं दोनशे ग्रॅमनं हलकं असेल, तर तासाभरात आपण ४८० किलो कमी उचलतो! म्हणून दुकानात फळीवरच्या रंगीत नक्षीसाठी जास्त पैसे देण्यापेक्षा हलकं वल्हं घ्यावं. त्याची लांबी कमी-जास्त करता यावी, कारण मुलं भराभर वाढतात. साधारण आपल्या उंचीहून आठ-नऊ इंच जास्त. आणि वल्ह्याचं पातं दांड्याशी थोडं तिरपं असतं, ते पुढच्या बाजूला झुकलेलं धरायचं. गोव्यात दहापैकी निदान पाच जण उलटं धरून चालवत होते!

शेवटी आमच्याकडे आली ती साडेबारा फूट लांब, एकोणतीस इंच रुंद, सहा इंच जाड, तीनशे लिटरची हवेची फळी. लांबच्या सफरीची. अनेक हौशी शर्यतींत साडेबारा फुटी फळ्यांचा वेगळा गट असतो, म्हणजे तिथेही अडायचं नाही. चौदा फुटीचं काय? भाचीनं स्वतःच वहीत लिहून ठेवलंय, 'तासाला आठ किलोमीटरचा वेग अर्धा तास टिकला, की मग.' हा निर्णय कुणी तिच्यावर लादला नाही, तिनं मोजून घेतला. म्हणून ती रुसली नाही.

आजीच्या अटी मात्र कायम आहेत, आणि त्या मला इतक्या पटल्या की तुमच्यासाठीही लिहिते. कपड्यांसकट शंभर मीटर पोहता येत असेल तरच फळीवर जायचं. जॅकेट अंगात, पिशवीत नाही. घोट्याची दोरी बांधलेली, म्हणजे पडलं तरी फळी हाताशी राहते. वाहत्या नदीत मात्र घोट्याची दोरी नको, तिथे कमरेला चटकन सुटणारा पट्टा लागतो, नाहीतर दोरी खुंटाला अडकली की सुटका नाही. मोठं माणूस काठावर किंवा सोबत हवंच. पुराच्या पाण्यात नाही, ढग गडगडले तर नाही, दुपारच्या वाऱ्यात नाही. आणि परवानगीशिवाय कुठेही नाही. कुठला तलाव पिण्याच्या पाण्याचा, कुठला अभयारण्यातला, कुठे मासेमारांच्या संस्थेची जाळी टाकलेली, हे विचारूनच उतरायचं. जाळ्यावरून फळी नेली तर आपली मजा होते, पण कुणाची तरी त्या दिवसाची कमाई जाते.

आईबाबांनो, एक शब्द तुमच्यासाठीही. मूल असा काहीतरी हट्ट धरतं तेव्हा लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच 'हो'सुद्धा म्हणू नका. त्याच्या हातात वही द्या. पाण्यावर न्या, मोजू द्या, पाणी जाणणाऱ्या माणसाशी बोलू द्या. सायकल असो, बॅट असो की फळी, हाच मार्ग.

आणि बालमित्रांनो, तुम्ही काही घ्यायला निघालात तर तीन प्रश्न आधी स्वतःला विचारा. मी कोण, म्हणजे माझं वजन, उंची, जोर किती? माझं पाणी कोणतं? आणि ही वस्तू पुढच्या रविवारी मी खरंच वापरणार आहे का? आमची भाची गेल्या महिन्यात पहिल्यांदा पाच किलोमीटर न थांबता गेली. वेळ लागला बावन्न मिनिटं. काठावर घड्याळ भाऊजींच्या हातात होतं, पण पहिली शिटी वाजवली ती आजीनं!